देणं आहे, पण घेणेकरी कुठे?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा ताळेबंद उघडा. देण्यांच्या बाजूला बँकेचं मुदत कर्ज असतं, संचालकांनी घातलेले पैसे असतात आणि त्यांच्या आसपास एक ओळ असते, डेफर्ड टॅक्स लायबिलिटी, म्हणजे पुढे ढकललेल्या कराचं देणं. पहिल्या दोन ओळी मालकाला तोंडपाठ असतात, हप्त्याच्या तारखेसकट. तिसरीबद्दल विचारलं की तो सीएकडे बोट दाखवतो, सीए ऑफिसातल्या शिकाऊ आर्टिकलकडे आणि आर्टिकल एक्सेलच्या शीटकडे. गडकरी चौकातल्या आयकर कार्यालयात जाऊन चौकशी केली तरी कंपनीच्या नावावर एवढी बाकी निघणार नाही. देणं छापलेलं आहे, घेणेकरी कुठेच नाही.

शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना ही ओळ हवीच. पण ज्या कंपनीचा भागधारक, संचालक आणि कर्जाचा जामीनदार एकाच घरात जेवायला बसतात, तिथे तिची सक्ती उठवावी, असं माझं मत आहे. सीएंच्या ऑफिसातलं काम वाचेल हे त्याचं कारण नव्हे. ते फार वाचणारही नाही. ही ओळ छोट्या कंपनीचं चित्र धूसर करते आणि प्रसंगी तिचं नुकसानही करते, म्हणून हे म्हणतो आहे.

हा आकडा येतो कुठून? कंपनीचा नफा दोनदा मोजला जातो. एकदा कंपनी कायद्याप्रमाणे, भागधारकांसाठी. दुसऱ्यांदा आयकर कायद्याप्रमाणे, सरकारसाठी. दोन्हीकडे खर्च बहुतेक तेच असतात, पण कोणता खर्च कोणत्या वर्षी धरायचा याचे नियम वेगळे. सगळ्यात मोठी तफावत पडते ती घसाऱ्यात, म्हणजे वापराने यंत्राची किंमत घटते त्यापोटी दर वर्षी धरायच्या खर्चात.

अंबडमध्ये सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कंपनीने ६० लाखांचं व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातुकामाचं मशीन, घेतलं असं धरा. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्वसाधारण यंत्रसामग्रीचं आयुष्य १५ वर्षं धरलं आहे. पाच टक्के भंगाराची किंमत सोडून उरलेली रक्कम सारखी वाटली, तर दर वर्षी ३ लाख ८० हजार घसारा बसतो. आयकरात मात्र यंत्रसामग्रीच्या गटावर घटत्या बाकीने, म्हणजे दर वर्षी उरलेल्या किमतीवर, १५ टक्के मिळतात. उत्पादक कंपनी सवलती सोडून कमी दर घेण्याऐवजी जुन्याच दरांत राहिली असेल तर नव्या मशीनवर पहिल्या वर्षी आणखी २० टक्के. म्हणजे एकूण ३५ टक्के, २१ लाख. अट एवढीच की मशीन त्या वर्षात निदान १८० दिवस वापरात पाहिजे, एरवी पहिल्या वर्षी निम्म्यावर भागवावं लागतं. ३१ मार्चपासून मागे मोजत गेलं की ही मुदत ३ ऑक्टोबरला येते. दसरा त्याच्या अलीकडे पडतो की पलीकडे, हे आपल्याकडे पंचांगात आणि घसाऱ्याच्या तक्त्यात अशा दोन्ही ठिकाणी पाहावं लागतं. दसरा उशिरा असेल तर शहाणा कारखानदार मशीन सप्टेंबरात चालू करून घेतो आणि खंडेनवमीला त्याच मशीनची पूजा करतो.

तर पहिल्या वर्षी पुस्तकात ३.८० लाख आणि आयकरात २१ लाख. फरक १७ लाख २० हजार. कंपनीचं उत्पन्न कोटीच्या आत असेल तर २५ टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे दर २६ टक्के. त्या वर्षी कर ४ लाख ४७ हजारांनी कमी भरावा लागला. मालक म्हणतो, वाचला. हिशेब कसा मांडायचा ते ठरवणारं लेखामानक २२, ज्याला सगळे एएस-२२ म्हणतात, ते म्हणतं, वाचलेला नाही, पुढे गेला आहे. म्हणून तो याच वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून धरा आणि ताळेबंदात देणं म्हणून दाखवा.

तर्क चोख आहे. दुसऱ्या वर्षी आयकराचा घसारा ५ लाख ८५ हजार होतो, तरी पुस्तकापेक्षा जास्तच. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फरक आणखी थोडा वाढतो आणि पाचव्या वर्षापासून उलटायला लागतो. आता पुस्तकात घसारा जास्त आणि आयकरात कमी, म्हणजे मागे सोडलेला कर सरकार हळूहळू वसूल करतं. किती हळू? चौथ्या वर्षाअखेर एकूण फरक सुमारे २० लाख ८५ हजारांचा असतो. दहाव्या वर्षाअखेरही त्यातले जवळपास १३ लाख तसेच असतात. पूर्ण फिटायला मशीनचं उभं आयुष्य जातं.

हे झालं एका मशीनचं. धंदा नीट चाललेला माणूस पंधरा वर्षं एकाच व्हीएमसीवर बसत नाही. पाचव्या वर्षी जुन्याचा फरक उलटायला लागतो तोवर शेजारी दुसरं मशीन उभं राहिलेलं असतं, त्यावर पुन्हा ३५ टक्के. जुन्याची घट नव्याच्या वाढीत बुडून जाते आणि ताळेबंदातला आकडा वर्षानुवर्षं फुगत राहतो. आयकरात तर सगळी यंत्रं एकाच गटात मिसळलेली. एखादं विकलं तर मिळालेली रक्कम गटातून वजा होते, त्या एका मशीनचा हिशेब तिथे संपवला जात नाही. हे देणं प्रत्यक्षात फेडायची वेळ येते ती कंपनीने नवीन यंत्रं घेणं थांबवलं आणि तरीही ती नफ्यात राहिली तर. अशा कंपन्या असतात, नाही असं नाही. पण गुंतवणूक थांबली की आपल्याकडे बहुधा पाठोपाठ नफाही थांबतो, आणि तोट्यातल्या कंपनीकडून कसला कर वसूल होणार?

बरं, फेडायचं असलंच तर दहा-पंधरा वर्षांत मिळून फेडायच्या रकमेची आजची किंमत कमी असणार. ते कमी मूल्य दाखवायला एएस-२२ मध्ये मनाई आहे, मोठ्या कंपन्यांच्या इंड एएस १२ या मानकातही मनाई आहे. बँकेचे पाच लाख आणि सरकारने बिनव्याजी, बिनमुदतीने मागे ठेवलेले पाच लाख ताळेबंदात एकाच वजनाने बसतात.

आणि ताळेबंद वाचतं कोण? छोट्या कंपनीच्या बाबतीत खरा वाचक एकच, बँक. सीसी लिमिटच्या, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जमर्यादेच्या, रिन्युअलला सीएमए डेटा हा आकड्यांचा तक्ता भरला जातो आणि पतअधिकारी दोन-तीन गुणोत्तरांवर बोट ठेवतो. त्यातलं एक असतं एकूण बाह्य देणी भागिले निव्वळ मालमत्ता. डेफर्ड टॅक्सची ओळ या गणितात कुठे धरायची याबद्दल मी बँकांत एकमत पाहिलेलं नाही. कुणी ती बाह्य देण्यांत टाकतं, कुणी बाजूला ठेवतं. एकाच बँकेच्या दोन शाखांतही उत्तर वेगळं येऊ शकतं. आता एक उदाहरण घ्या. कंपनीची निव्वळ मालमत्ता ८० लाख आणि डेफर्ड टॅक्सचे १२ लाख धरून बाह्य देणी २४० लाख. गुणोत्तर तीनास एक, म्हणजे अधिकाऱ्याच्या कपाळाला आठी. हेच १२ लाख देण्यांतून काढून मालमत्तेत धरले तर ९२ आणि २२८, गुणोत्तर अडीचच्याही खाली. कंपनी तीच, शेड तीच, कामगार तेच. मशीन घेतलं आणि सरकारने त्यासाठी दिलेली सवलत वापरली, एवढ्यासाठी ती कागदावर जास्त कर्जबाजारी दिसते. ज्याने काहीच गुंतवणूक केली नाही त्याचा ताळेबंद याहून देखणा.

तोट्यातल्या कंपनीचं याहून विचित्र आहे. मागचा तोटा आणि न वापरलेला घसारा पुढच्या वर्षांत वजा करता येतो, म्हणजे पुढे कर कमी लागेल. ही झाली डेफर्ड टॅक्स अ‍ॅसेट. एएस-२२ म्हणतं, अशा तोट्यावरची अ‍ॅसेट दाखवायची तर भविष्यात नफा होईल याची जवळजवळ पूर्ण खात्री हवी आणि तिला ठोस पुरावा हवा. नुसता बिझनेस प्लॅन चालणार नाही. पुरावा म्हणजे उदाहरणार्थ निर्यातीची अशी पक्की, नफ्याची ऑर्डर, जी समोरच्याने मोडली तर त्याला जबर भरपाई द्यावी लागेल. आता सातपूरमधल्या ऑटो कंपोनंटवाल्याकडे ही असली ऑर्डर आणायची कुठून? त्याच्याकडे असतो ओपन पीओ, म्हणजे नग न ठरलेली खरेदी ऑर्डर, आणि महिन्याचं शेड्यूल, तेही महिन्याच्या मध्यात बदलू शकणारं. वीस वर्षं एकाच गाडी कंपनीला माल देणारा माणूससुद्धा या कसोटीला उतरणं अवघड. गंमत पुढेच आहे. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस १२ मध्ये पुढे नफा 'संभाव्य' असला की पुरतो. अलीकडे तोटे झाले असतील तर आणखी खात्रीलायक पुरावा द्यावा लागतो, पण 'जवळजवळ पूर्ण खात्री' हे शब्द तिथे नाहीत. म्हणजे लायबिलिटी दाखवताना छोट्याला सूट नाही आणि अ‍ॅसेट दाखवताना मोठ्यापेक्षा उंच उंबरठा.

मोठ्या कंपन्यांना ही ओळ का हवी, त्याचं उत्तर २०१९ च्या सप्टेंबरात मिळालं. २० सप्टेंबरच्या अध्यादेशाने कंपन्यांना सवलती सोडून द्यायच्या बदल्यात २२ टक्के दराचा पर्याय मिळाला. अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के, मोठ्यांचा जुना दर ३४.९४४ पर्यंत होता. करकपातीने बाजार आनंदला आणि त्याच तिमाहीत अ‍ॅक्सिस बँकेने ११२ कोटींचा तोटा जाहीर केला. पुढे मिळणाऱ्या करसवलतीची अ‍ॅसेट जुन्या दराने मोजलेली होती. दर उतरला तशी ती २,१३८ कोटींनी आक्रसली. तेवढा एकवेळचा फटका नसता तर दोन हजार कोटींवर नफा दिसला असता. त्या बँकेचे शेअर धरून बसलेल्या लाखो लोकांना आपल्या बँकेच्या मालमत्तेत भविष्यातल्या करसवलतीचा भाग किती आहे हे कळायलाच हवं. ते त्यांना दुसरीकडून कुठूनही कळलं नसतं. अंबडच्या कंपनीतल्या भागधारकाला मात्र कळायचं ते स्वयंपाकघरातच कळतं.

मग ही सक्ती छोट्यांवर आली कशी? एएस-२२ इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सने काढलं. १ एप्रिल २००१ पासून ते शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना लागू झालं, वर्षभराने बाकीच्या सगळ्या कंपन्यांना. त्याविरुद्ध जे. के. इंडस्ट्रीजचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००७ मध्ये न्यायालयाने मानक वैध ठरवलं. तो निकाल मला मान्य आहे, कारण प्रश्न होता हे मानक कायद्यात बसतं का, आणि ते बसतं. ते सगळ्यांना सारखंच लागू असावं का, हा प्रश्न धोरणाचा आहे आणि तो अजून उघडा आहे.

धोरणात तर विसंगती उघड दिसते. २०२१ मध्ये इन्स्टिट्यूटने कंपनी नसलेल्या संस्थांचे, म्हणजे मालकी व्यवसाय, भागीदारी वगैरेंचे चार स्तर केले. सगळ्यात खालच्या स्तरात १० कोटींपर्यंत उलाढाल आणि २ कोटींपर्यंत कर्ज असलेले. त्यांना एएस-२२ चा चालू वर्षाच्या करापुरता भाग ठेवला आणि डेफर्ड टॅक्स माफ केला. हे योग्यच झालं. पण त्याच वर्षी केंद्र सरकारने कंपन्यांसाठी जे नियम आणले, त्यात २५० कोटींपर्यंत उलाढाल आणि ५० कोटींपर्यंत कर्ज असलेल्या लहान-मध्यम कंपन्यांना काही मानकांत सवलती दिल्या आणि एएस-२२ मध्ये काहीच दिली नाही. दोन भाऊ वेगळे झाले, एकाने भागीदारी फर्म ठेवली, दुसऱ्याने प्रायव्हेट लिमिटेड केली. दोघांची उलाढाल आठ-आठ कोटी, दोघांकडे एकाच डीलरची मशीनं. पहिल्याच्या ताळेबंदात डेफर्ड टॅक्सचं नाव नाही, दुसऱ्याच्या ताळेबंदात १२ लाखांचं देणं. मर्यादित दायित्वाचा फायदा घेतलास तर जास्त हिशेब दे, हे तत्त्व ठीक. पण बँकेने दोघांच्याही घराचे कागद गहाण घेतले असतील तर मर्यादित दायित्व उरलं कितीसं?

याहून मोठी विसंगती कंपनी कायद्याच्या पोटातच आहे. कायद्यातल्या 'छोट्या कंपनी'ला कॅश फ्लो स्टेटमेंट माफ आहे. प्रत्यक्ष भरलेला कर ज्या पत्रकात दिसतो ते पत्रक द्यायची गरज नाही, आणि न भरलेला, कदाचित कधीच भरावा न लागणारा कर मात्र ताळेबंदात छापायची सक्ती. सूट द्यायचीच होती तर उलटी द्यायची.

खुद्द सरकारला तरी हा आकडा हवा आहे का? जुन्या आयकर कायद्यात, १ एप्रिल २०२६ ला नवा कायदा येईपर्यंत जो चालला त्यात, ११५जेबी कलमाखाली पुस्तकी नफ्यावर किमान कर लागत असे. पुस्तकी नफा काढताना डेफर्ड टॅक्सची वजावट परत नफ्यात मिळवायची, अशी दुरुस्ती २००८ च्या वित्त कायद्याने केली, तीही २००१ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. कंपनी मंत्रालय म्हणतं लिहा, अर्थ मंत्रालय म्हणतं पुसा.

आता उलट बाजू. माझे काही सीए मित्र या मुद्द्यावर माझ्याशी भांडतात आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. पहिल्या वर्षी वाचलेला कर वेगळा दाखवला नाही तर करोत्तर नफा फुगतो, मालक तो घरी नेतो, आणि पुढे घसारा आटला की कर भरायला पैसे नसतात. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे पवनचक्क्या. एकेकाळी पवनचक्कीवर आयकरात ८० टक्के घसारा मिळत असे. आता ४० टक्के आहे. त्या काळात ज्यांचा विजेशी काही संबंध नाही अशा कंपन्यांनीही केवळ करासाठी पवनचक्क्या घेतल्या. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे धुळ्याकडे साक्रीच्या पठारावर उभ्या राहिलेल्या. पहिल्या दोन वर्षांत जवळजवळ सगळी किंमत वजा झाली, मग पुढची वीसेक वर्षं विजेच्या उत्पन्नावर घसाऱ्याविना पूर्ण कर. तिथे डेफर्ड टॅक्सची ओळ अगदी खरं सांगते. एकच मोठी मालमत्ता, पुन्हा घ्यायची नाही, उत्पन्न ठरलेलं. हे देणं फिटणारच.

पण पवनचक्कीवाला हा अपवाद, आणि त्याच्यासाठीही टिपणीतला एक आकडा पुरला असता. घरी पैसे नेणाऱ्या मालकाबद्दल म्हणाल तर तो करोत्तर नफा बघून पैसे काढत नाही, बँक खात्यातली शिल्लक बघून काढतो. ताळेबंद हातात येतो सप्टेंबरात, तोवर मार्चचे पैसे कधीच गेलेले असतात.

दुसरा आक्षेप आहे जुन्या आयकर कायद्यातल्या ४३बी कलमाच्या एच खंडाचा, आणि मला विचाराल तर नाशिकच्या दृष्टीने हाच सगळ्यात महत्त्वाचा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नियम असा आहे की सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. मुदत उलटली आणि वर्ष संपलं तर तो खर्च त्या वर्षी मान्य नाही, पैसे प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मान्य. समजा १० लाखांची बिलं अशी ३१ मार्चला थकली. कर २ लाख ६० हजार जास्त भरावा लागला. मेमध्ये बिलं दिली, पुढच्या वर्षी तेवढा कर कमी होईल. मित्र म्हणतात, बघ, डेफर्ड टॅक्स नसेल तर यंदाचा नफा उगाच अडीच लाखांनी खाली आणि पुढचा उगाच वर. डेफर्ड टॅक्स अ‍ॅसेट घेतली की दोन्ही वर्षं सपाट.

मला ते सपाट होणंच खटकतं. संसदेने हा खंड आणला तो पुरवठादाराचे पैसे अडवणाऱ्याला त्याच वर्षी चटका बसावा म्हणून. आणि तो पुरवठादार बहुतेक वेळा मागच्याच गल्लीतला असतो. कुणी प्लेटिंग करून देणारा, कुणी हीट ट्रीटमेंटवाला. त्याचे दहा लाख मार्चअखेर अडवले त्याची किंमत अडीच लाख, हे नफा-तोटा पत्रकात ठसठशीत दिसलं पाहिजे, मालकाला आणि बँकेलाही. एएस-२२ तो जादा कर एका हाताने दाखवतं आणि दुसऱ्या हाताने डेफर्ड टॅक्समध्ये वळता करतं. खाली एकूण करखर्च जसाच्या तसा. लेखाशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष, आणि कायद्याचा हेतू तिथेच विरून जातो.

तिसरा आक्षेप असा की उद्या कंपनीला शेअर बाजाराच्या एसएमई प्लॅटफॉर्मवर, म्हणजे लहान-मध्यम कंपन्यांच्या विभागात, नोंदणी करायची झाली तर? तेव्हा मागच्या वर्षांचे हिशेब तसेही नव्याने मांडावे लागतात, तेव्हा डेफर्ड टॅक्सही मोजावा. बाहेरच्या माणसाचे पैसे घ्यायचे ठरवलं की बाहेरच्या माणसाला लागणारी माहिती द्यायची, यात कुणाचं दुमत असायचं कारण नाही.

आणि ही काही नाशिकच्या कुणाच्या डोक्यातली अचाट कल्पना नाही. ब्रिटनमध्ये सूक्ष्म कंपन्यांसाठी जे एफआरएस १०५ मानक आहे, त्यात डेफर्ड टॅक्स दाखवायलाच मनाई आहे. कॅनडात खासगी कंपन्यांना पर्याय आहे, हवं तर डेफर्ड टॅक्स मोजा, नाही तर फक्त त्या वर्षी देय असलेला कर धरा. मला कॅनडाची पद्धत जास्त पटते. पवनचक्कीवाल्याला हवं असेल तर तो मोजेल.

सक्ती काढून तिच्या जागी काय ठेवायचं? ताळेबंदाच्या टिपणीत चार आकडे: पुस्तकाप्रमाणे करपूर्व नफा, विवरणपत्राप्रमाणे करपात्र उत्पन्न, त्या वर्षाचा देय कर, आणि वर्षअखेरीला मालमत्तेची पुस्तकातली आणि आयकरातली शिल्लक किंमत यांतला फरक. शेवटच्या आकड्याला दराने गुणलं की ज्याला हवं त्याला घसाऱ्यापोटीचा डेफर्ड टॅक्स मिळतो. यातलं काहीही नव्याने काढावं लागत नाही. टॅक्स ऑडिटच्या अहवालात गटवार घसाऱ्याचा तक्ता असतोच, बँक करमोजणीचं कॉम्प्युटेशन मागून घेतेच. पहिल्या दोन आकड्यांमधली दरी आज कुठल्याही छोट्या कंपनीच्या ताळेबंदात एका नजरेत दिसत नाही, ती यात दिसेल. माझ्या मते कर्ज देणाऱ्याला तीच सगळ्यात आधी दिसायला हवी.

मानकं ठरवण्याचा अधिकार कंपनी कायद्याच्या १३३ व्या कलमाप्रमाणे केंद्र सरकारचा. शिफारस इन्स्टिट्यूटची, सल्लामसलत राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाशी. इन्स्टिट्यूटची शाखा नाशकात आहे. निमा आणि आयमा या आपल्या उद्योजकांच्या संघटना वीजदर, रस्ते, भूखंड यांवर निवेदनं देत असतात. त्यात एका पानाची भर घालणं कठीण नाही, आणि ते पान लिहिणारे सीए त्यांच्याच सभासदांची पुस्तकं तपासतात.

शेवटी अडचण उरते ती साठलेल्या आकड्यांची. वीस वर्षांत जमलेल्या या देण्याचं करायचं काय? त्याचं उत्तर एएस-२२ मध्येच आहे. मानक पहिल्यांदा लागू झालं तेव्हा आधीच्या वर्षांचा साठलेला डेफर्ड टॅक्स नफा-तोटा पत्रकाला हात न लावता थेट राखीव निधीतून वळता करायची मुभा होती. आता तीच नोंद उलटी करायची, डेफर्ड टॅक्सचं खातं डेबिट आणि राखीव निधी क्रेडिट. अट एकच घालावी, की ही रक्कम वेगळ्या शीर्षाखाली राहील आणि लाभांशापोटी वाटता येणार नाही. ज्यांच्याकडे अ‍ॅसेट साठली आहे त्यांचा राखीव निधी तेवढा घटेल. त्यांना तीन वर्षांत विभागून ती काढायची सवलत द्यावी, नाही तर त्यांची सीसी लिमिट पहिल्याच रिन्युअलला अडकेल.